एका भांड्याची बिअर

ज्या दिवशी सासरेबुवांनी बूयाचं भांडं नॉर्बर्ट देलवोच्या गॅरेजात आणून उतरवलं, त्या दिवसापासून या गृहस्थाचं पाऊल जमिनीपासून चार बोटं वरच पडायला लागलं. तीस गॅलनचं, पोलादी, दोन कड्यांचं ते भांडं. सेंट अमांडच्या चर्चची जत्रा त्या भांड्याशिवाय होत नसे आणि ते भांडं म्हाताऱ्या क्लॅरेन्स मासारशिवाय कुणाच्या घरी राहत नसे. बूया म्हणजे कोंबड्या, बैलाचं मांस, बटाटे, कोबी, गाजरं, कांदे आणि चार म्हाताऱ्यांची भांडणं, हे सगळं पहाटेपासून एकत्र शिजवायचं आणि दुपारी तीनशे माणसांना वाढायचं.

"हे बघा जावईबापू," क्लॅरेन्स म्हणाला, "माझा खांदा आता साथ देत नाही. जत्रेपर्यंत हे तुमच्याकडे. घासायचं, पुसायचं, झाकून ठेवायचं. यात आजवर बूयाशिवाय काही शिजलेलं नाही, एवढं ध्यानात असू द्या."

"हो बाबा," नॉर्बर्ट म्हणाला. त्याच क्षणी त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिजायला लागलं होतं.

नॉर्बर्टची अडचण समजून घेतली पाहिजे. बावीस वर्षांच्या संसारात त्याने सासऱ्याला भाजलेले सॉसेज वाढले, स्वतः धुरावलेला मासा नेऊन दिला, एका नाताळात चीज घालून केक करण्यापर्यंत मजल मारली. म्हातारा प्रत्येक वेळी एक घास घ्यायचा, ताटली हलकेच पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "झालं माझं." वाईट आहे असं तो कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. या माणसाने आपल्या हातचं काहीतरी एकदा तरी संपवावं, एवढी एकच इच्छा नॉर्बर्टच्या मनात घर करून होती. आणि क्लॅरेन्सला आयुष्यात बूयाखालोखाल काही आवडत असेल, तर ती बिअर.

आता बिअर घरी करायची म्हणजे एका भांड्यात धान्य भिजवा, दुसऱ्यात उकळा, तिसऱ्यात आंबवा, शिवाय नळ्या, पिंपं, चाळण्या. पण नॉर्बर्टने एक चित्रफीत पाहिली होती. तीत एका दाढीवाल्याने भिजवणं, उकळणं आणि आंबवणं ही तिन्ही कामं एकाच भांड्यात करून दाखवली होती. विम्याच्या कंपनीत सव्वीस वर्षं नुकसानभरपाईचे दावे तपासणाऱ्या माणसाला ही गोष्ट काळजाला भिडली. जितकी भांडी कमी तितके धोके कमी, हा तर त्याच्या धंद्याचा पाया. घोडं अडलं होतं ते भांड्यापाशी. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं मॅकरोनीचं, त्यात बिअर केली असती तर गुळण्या करण्यापुरती झाली असती. आणि आता देवाने, म्हणजे सासऱ्याने, तीस गॅलनचं भांडं दारात आणून ठेवलं होतं.

हिशेब सोपा होता. ऑगस्टची एक तारीख. जत्रा महिन्याच्या शेवटच्या रविवारी. नऊ तारखेला बिअर चढवायची, दोन आठवडे आंबवायची, तेवीसला बाटल्यांत भरायची, भांडं घासून लख्ख करायचं आणि जत्रेत सासऱ्याच्या हातात थंडगार ग्लास ठेवायचा. भांड्याचं रहस्य भांड्यापाशी.

तरीही कायद्याचा माणूस तो. आधी त्याने काउंटीच्या कचेरीत फोन लावला. घरी प्यायला बिअर करायला परवानगी लागते का, एवढंच विचारायचं होतं. आरोग्य विभागाने बांधकाम विभागाकडे पाठवलं, कारण तो "गॅरेज" म्हणाला. बांधकामवाल्यांनी त्याला अग्निशमनकडे दिलं, कारण तो "शेगडी" म्हणाला. अग्निशमनच्या बाईंनी त्याला पुन्हा आरोग्याकडे ढकललं आणि तिथल्या माणसाने कंटाळून सांगितलं, "साहेब, परवानगी लागत नाही. करा खुशाल."

"मग तसं लेखी द्या," नॉर्बर्ट म्हणाला.

"लागत नाही असं लिहून द्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे."

नॉर्बर्टला हा स्वतःच्या पेशाचा अपमान वाटला. त्याने मग स्वतःच एक कागद टाइप केला, खाली सही केली आणि गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला.

शेजाऱ्यांना कळायला फोन करावा लागला नाही. वेंडल क्रुएगर हा डाव्या हाताचा शेजारी, निवृत्त प्लंबर. याने एकदा चेरीची वाइन केली होती आणि तेव्हापासून तो या विषयावर बोलायला कायम मोकळा असे. "एक भांडं?" तो म्हणाला. "अरे, एका भांड्यात माणसाने अंडी उकडावीत. बिअर नाही." समोरच्या डोलोरेस पावलाक काकू चिमण्या बघायची दुर्बीण गळ्यात अडकवूनच आल्या. त्यांच्या मामाने दारूबंदीत न्हाणीच्या टबात बिअर केली होती.

"मग काय झालं?" नॉर्बर्टने विचारलं.

"एका डोळ्याने आंधळा झाला बिचारा," काकू म्हणाल्या. मग जरा आठवून म्हणाल्या, "पण तो आधीपासूनच होता म्हणा."

नऊ तारीख उजाडली. जॅनीन, म्हणजे नॉर्बर्टची बायको, दोन दिवसांसाठी बहिणीकडे ॲपलटनला निघाली होती. आपल्या वडिलांच्या भांड्याखाली शेगडी पेटलेली पाहून ती गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच थबकली.

"नॉर्ब, बाबांना कळलं तर?"

"कळणार कसं? भांडं काय बोलतंय?"

"तू बोलशील. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि ती गेली.

पाणी एकशे बावन्न अंश फॅरनहाइटवर आलं. मोड आणून वाळवलेल्या सातूचा बावीस पौंड भरडा एका भल्यामोठ्या कापडी पिशवीत बांधून त्याने पाण्यात सोडला. तासाभरात गॅरेजभर असा काही गोड, खरपूस वास सुटला, की नॉर्बर्टला एकट्यालाच हसू यायला लागलं. वेंडलला बोलावून त्याने दोनदा हुंगायला लावलं. "आहे की नाही?" तो विचारायचा. काय आहे की नाही, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण आनंद खरा होता.

आता पिशवी वर काढायची होती. चित्रफितीतल्या दाढीवाल्याने ती एका हाताने उचलली होती. पण त्याची पिशवी उशीएवढी होती, आणि ही भिजून पन्नास पौंडांची झालेली. नॉर्बर्ट आणि वेंडल दोघांनी मिळून ओढली तेव्हा पिशवी वीतभर वर आली आणि वेंडलच्या कमरेतून आवाज आला.

"थांब," वेंडल कमरेवर हात ठेवून म्हणाला. "गॅरेजचा दरवाजा वर कोण उचलतं रे?"

"मोटर."

"मग आपण कशाला मरतोय?"

कल्पना अशी काही झगझगीत होती, की दोघांनाही तिच्यात खोट दिसली नाही. त्यांनी शेगडी विझवून भांडं दाराशी सरकवलं, पिशवीचा दोर दरवाज्याच्या खालच्या कडेला बांधला आणि नॉर्बर्टने बटण दाबलं. मोटर कण्हली, दरवाजा थरथरला आणि पिशवी खरोखरच वर निघाली. माणूसभर उंचीवर जाऊन ती गॅरेजच्या तोंडाशी लटकली आणि खालच्या भांड्यात टपटप निथळू लागली. दोघांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं. अशाच एका माणसाचा दावा, ज्याने गॅरेजच्या दरवाज्याने झाडाचं खोड उपटायचा प्रयत्न केला होता, नॉर्बर्टने तीन वर्षांपूर्वी "अर्जदाराचा स्वतःचा मूर्खपणा" असा शेरा मारून फेटाळला होता. त्याची आठवण त्याला या घडीला झाली नाही.

डोलोरेसकाकूंच्या खिडकीतून मात्र चित्र वेगळं दिसत होतं. ऑगस्ट महिना. शेजाऱ्याच्या गॅरेजात काहीतरी जड, पोतडीत गुंडाळलेलं, दोराने टांगलेलं, आणि त्यातून तांबूस रस ठिबकतोय. आमच्याकडे नोव्हेंबरात दर दुसऱ्या गॅरेजात हरीण टांगलेलं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ऑगस्टात? शिकारीचा हंगाम नसताना? काकूंनी बिअरचं ऐकलं होतं हे खरं, पण बिअर कधी दोराला लटकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दुर्बीण ठेवली आणि फोन उचलला.

वीस मिनिटांत शिकार खात्याची गाडी दारात उभी राहिली. आतून बेकी लिंडक्विस्ट नावाची उंच, गंभीर निरीक्षक उतरली.

"हरणाचं लायसन दाखवता का?"

"हरीण नाही हो, सातू आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"सगळे असंच काहीतरी म्हणतात," ती म्हणाली आणि पिशवीत बोट खुपसून तिने ते चाटलं. तिच्या चेहऱ्यावरची सरकारी घडी हळूहळू उलगडली. तिने भिंतीवरचा नॉर्बर्टचा स्वतःलाच दिलेला परवाना अथपासून इतिपर्यंत वाचला. "हॉप्स कुठले घालणार?" तिने विचारलं. बिअरला कडूपणा आणणारी ही फुलं तिला ठाऊक होती, कारण तिचा नवरा घरी बिअर करायचा म्हणे. मग ती अर्धा तास थांबली. उकळी येताना झाकण काढा, ऊतू जाईल, असं तिने तीनदा बजावलं. जाताना म्हणाली, "तुम्हाला दुसरं भांडं हवं होतं बरं का. काही बिनसलं तर ओतणार कशात?"

"बिनसणारच नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

ती बोलत होती तोवर जॅनीन विसरलेलं औषध न्यायला माघारी आली होती. गल्लीच्या तोंडाशीच, नेहमीच्या सवयीने, तिने गाडीतलं दरवाजा उघडायचं बटण दाबलं. उघडा दरवाजा मिटायला निघाला आणि पन्नास पौंडांची पिशवी भांड्यात परत उतरली, म्हणजे कोसळली. गरम, चिकट, गोड पाण्याची लाट नॉर्बर्टच्या पँटवर, वेंडलच्या बुटांवर आणि शिकार खात्याच्या गणवेशावर एकाच वेळी फुटली. कुणाला भाजलं नाही. जॅनीन गाडीतून उतरली, तिने तिघांकडे पाहिलं, आत जाऊन औषध घेतलं आणि पुन्हा ॲपलटनचा रस्ता धरला.

पण घोडं गंगेत न्हालं. पिशवी निघाली, उकळी आली, हॉप्स पडले, ऊतू गेलं, पुसलं. रात्रभरात भांडं निवलं आणि रविवारी सकाळी नॉर्बर्टने यीस्ट घातलं. क्लॅरेन्सच्या झाकणाला भोक पाडायची त्याची छाती झाली नाही. म्हणून त्याने तोंडावर प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टीचे आठ वेढे दिले आणि आंबताना होणारा वायू बाहेर जावा म्हणून आतून एक रबरी नळी काढून पाण्याच्या बरणीत सोडली. त्या दिवशी तो चर्चला गेलाच नाही. दुपारी चार वाजता बरणीत पहिला बुडबुडा आला तेव्हा तो खुर्ची टाकून समोर बसला होता. दुसरा आला. तिसरा आला. मग बुडबुड्यांची अशी रांग लागली, की नॉर्बर्टच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "जिवंत आहे रे," तो वेंडलला म्हणाला.

आठवडा बुडबुडे मोजण्यात गेला. शनिवारी, सोळा तारखेला दुपारी बाराला फोन वाजला.

"जावईबापू, भांडं घासलंय ना?" क्लॅरेन्सचा आवाज. "पाच वाजता गाडी घेऊन येतो."

"आज? का?"

"का म्हणजे? उद्या जत्रा."

शेवटच्या रविवारी म्हणे फुटबॉलचा सामना आला होता आणि त्या दिवशी जत्रेत पाद्रीसुद्धा आला नसता. त्याच्या आधीच्या रविवारी शेजारच्या गावाची जत्रा. म्हणून जत्रा दोन आठवडे अलीकडे ओढली होती. गेल्या रविवारी चर्चमध्ये तसं जाहीर केलं होतं. नॉर्बर्ट तेव्हा बुडबुड्यांची आराधना करत बसला होता, आणि जॅनीन ॲपलटनला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भांड्यात दहा गॅलन अर्धीकच्ची बिअर, आणि घरात तिला ठेवायला दुसरं काही नाही. एका भांड्याच्या पद्धतीचं सगळं तत्त्वज्ञानच हे, की दुसरं भांडं लागत नाही. धुवायला एकच भांडं, हा केवढा फायदा. ओतायला एकही नाही, हे दाढीवाल्याने सांगितलं नव्हतं.

"ओत मोरीत," जॅनीन म्हणाली. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कपाटातलं मॅकरोनीचं पातेलं काढून दिलं. बावीस वर्षांत तिने त्याच्यासाठी पुष्कळ केलं होतं, पण त्याला आजही आठवतं ते हे पातेलं.

पातेलं भरलं. मग सूपचा टोप, चहाची किटली, मासेमारीची थंड पेटी, मुलाचा लहानपणचा वाळूचा डबा. वेंडलने प्लंबिंगच्या बादल्या आणल्या, नव्या होत्या असं तो शपथेवर सांगत होता. डोलोरेसकाकू हरणाच्या प्रकरणापासून जरा ओशाळल्या होत्या. त्यांनी तळघरातून काकडीच्या लोणच्याच्या चोवीस बरण्या रिकाम्या करून आणल्या, आणि प्रत्येक बरणीला शेपूचा वास होता. गॅरेजात पाय ठेवायला जागा उरली नाही. नॉर्बर्टने मोजलं, एकूण एकेचाळीस भांडी झाली होती.

तळाशी दोनेक गॅलन बिअर आणि यीस्टचा गाळ उरला असताना, पाचाला वीस मिनिटं कमी असतानाच, क्लॅरेन्सची गाडी दारात आली. नॉर्बर्टने झडप घालून झाकण लावलं. जॅनीनने एकेचाळीस भांड्यांवर सतरंजी टाकली. भांडं गाडीत चढवताना आतून डुबुक आवाज आला.

"आत काय?" क्लॅरेन्सने विचारलं.

"पाणी आहे बाबा. भिजत घातलंय. घासायला सोपं जातं."

"हं." म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "डोकं वापरता म्हणजे कधीकधी."

सासऱ्याच्या तोंडून आलेलं बावीस वर्षांतलं हे पहिलं कौतुक, आणि तेही शुद्ध खोटेपणावर मिळालेलं. नॉर्बर्टला ते गिळवेना. पहाटे पाचला चर्चच्या मैदानावर जाऊन भांडं गुपचूप ओतायचं, असं त्याने ठरवलं. पण म्हातारी माणसं त्याच्याही आधी उठतात. तो पोहोचला तेव्हा अंधारातच तिघा मदतनिसांनी झाकण सरकवून पाइपने पाणी सोडलं होतं, आणि त्या तिघांपैकी दोघांना मोतीबिंदू होता. तीस कोंबड्या आत गेल्या होत्या. कांदे जात होते. क्लॅरेन्स खुर्चीत बसून बूया ढवळायच्या लाकडी वल्ह्याने ढवळत होता.

पुढचे पाच तास नॉर्बर्टने जे भोगलं ते शत्रूलाही नको. तीनशे माणसं. त्याने मनातल्या मनात तीनशे दावे लिहिले आणि तीनशे फेटाळले. तीनदा तो सांगायला म्हणून सासऱ्याजवळ गेला आणि तिन्ही वेळा मीठ हवं का विचारून परत आला.

दहा वाजता क्लॅरेन्सने लाकडी डावाने पहिला घोट घेतला. तो थांबला. पुन्हा घेतला. मग त्याने डाव मांडीवर ठेवला आणि टोपी काढून डोळ्यांवर धरली.

"बाबा? काय होतंय? डॉक्टरला बोलावू का?"

"नऊ वर्षं," क्लॅरेन्स म्हणाला. "जॅनीनची आई लुसिल गेल्यापासून नऊ वर्षं शोधतोय मी. तीच कोंबडी, तेच पाणी, बापाच्या हातचं तेच प्रमाण. पण ती असताना जी चव यायची ती पुन्हा कधी आली नाही. आज आली." त्याने मान वर केली. "काय घातलंस यात?"

नॉर्बर्टने तोंड उघडलं. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या वेंडलच्या गाडीतून फट् असा आवाज झाला. मग पुन्हा फट्. जत्रेत वाटायला म्हणून वेंडलने लोणच्याच्या बरण्या आणल्या होत्या, सांडू नये म्हणून झाकणं घट्ट पिळली होती, आणि आतलं यीस्ट अजून काम करत होतं. बिअर गाडीच्या काचांवरून ओघळताना सगळ्या मैदानाने पाहिली.

"बिअर," नॉर्बर्ट म्हणाला. "मी तुमच्या भांड्यात बिअर केली. तळाशी थोडी राहिली होती. भिजत घातलं होतं ते सगळं खोटं. माफ करा बाबा."

मग डोलोरेसकाकू पुढे आल्या. "क्लॅरेन्स, आता सांगते. तू दर वर्षी प्रार्थनेला चर्चमध्ये गेलास की लुसिल पर्समधून बिअरचे डबे काढायची आणि यात ओतायची. पहारा मी करायचे. तुला सांगितलं असतं तर तू दोन महिने जेवला नसतास."

क्लॅरेन्सने भांड्यात डोकावून पाहिलं. मग त्याच्या पोटात हसू उठलं, आणि ते खांद्यापर्यंत आलं तेव्हा त्याने दुखरा खांदा धरला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला. "चाळीस वर्षं माझ्या नाकाखाली." डोळे पुसायला त्याने नॉर्बर्टचाच रुमाल मागितला.

"आण ती बरणी," मग तो म्हणाला.

नॉर्बर्टने न फुटलेली एक बरणी धावत आणली. म्हाताऱ्याने एक घोट घेतला, शेपूचा वास आला तशा भुवया वर गेल्या, आणि त्याने बरणी हलकेच खाली केली.

"झालं माझं," तो म्हणाला.

नॉर्बर्टचा चेहरा उतरला. पण क्लॅरेन्स उठला आणि उरलेली बरणी त्याने शेवटच्या थेंबापर्यंत बूयात ओतली. "पुढच्या वर्षी पण कर. भांडं तुझ्याकडेच राहू दे. प्यायची मात्र दुकानातून आण." आणि चर्चच्या जत्रेत आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात न दिलेलं वल्हं त्याने नॉर्बर्टच्या हातात दिलं. "ढवळ. तळाला लागता कामा नये."

नॉर्बर्ट ढवळत राहिला. तीनशे माणसं जेवली, क्लॅरेन्सने तीन वाडगे संपवले. जॅनीन दोनदा नॉर्बर्टला जेवायला बोलवायला आली. दोन्ही वेळा मान न वळवता तो म्हणाला, आत्ता नाही, तळाला लागेल. दुसऱ्या वेळी भांड्यात दोन वाट्या बूया उरला होता आणि शेगडी केव्हाच विझली होती.